पाळी आली नाही, म्हणून निर्धास्त राहायचं?

ताई, स. न. वि. वि.

माझं बाळ 7 महिन्यांचं आहे. सिझर झालं होतं. सव्वा महिन्याच्या सुमारास अंगावरून जाणं जवळजवळ थांबलं होतं, तेव्हा मध्येच 3 दिवस पुन्हा लाल गेलं. ती पाळी होती की काय, कळलं नाही. त्यानंतर आजपर्यंत काहीच नाही. 6 महिने बाळ फक्त अंगावर होतं. आता दिवसातून दोनदा वरचं भरवते, आणि गेला महिनाभर ते रात्री 9 ला झोपलं की थेट पहाटे 5 ला उठतं. माझ्या जावेला सातव्या आठवड्यात पाळी आली, ती वरचं दूध देत होती. मैत्रिणीला मात्र 16 महिने आली नव्हती. सासूबाई म्हणतात, अंगावर पाजतेस तोवर दिवस राहत नाहीत. म्हणून आम्ही काही वापरत नाही. पण पाळी इतकी लांबली म्हणजे आत काही बिघडलं तर नसेल? ओळखीच्या एका बाईंनी पाळी आणायच्या गोळ्या सुचवल्या आहेत, घेऊ का? पाळी सुरू झाली की दूध आटतं का? लग्नाआधी मला पाळीत फार दुखायचं, ते सगळं परत सुरू होणार का? नाव छापू नका.

— एक वाचक

---

तुमचे प्रश्न बरेच आहेत. पण मला ज्या वाक्याशी थबकायला झालं, त्यापुढे तुम्ही प्रश्नचिन्हच दिलेलं नाही : ‘म्हणून आम्ही काही वापरत नाही.’

तेव्हा आधी एक काम करा. उद्या सकाळी उठल्यावर पहिल्या लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा. तुम्हाला दिवस गेलेत असं मी म्हणत नाही, बहुधा नसतीलच. पण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं या एका उत्तरावर अवलंबून आहेत. बाळंतपणाला 7 महिने झाल्यामुळे त्या वेळचे हार्मोन शरीरातून केव्हाच गेलेले आहेत, त्यामुळे टेस्टचा घोळ होईल ही शंका नको. फक्त एक लक्षात ठेवा. अगदी अलीकडे, म्हणजे गेल्या दोन-तीन आठवड्यांत संबंध आला असेल, तर आजची टेस्ट निगेटिव्ह येऊनही निकाल पक्का होत नाही. आजपासून निरोध वापरायला लागा आणि 3 आठवड्यांनी पुन्हा एकदा टेस्ट करा.

आता हे कशासाठी, ते सांगते.

आपण पाळीला सुरुवात समजतो. शरीराच्या हिशेबात ती शेवटी येते. आधी अंडाशयातून बीजांड सुटतं, ते फळलं नाही तर साधारण 2 आठवड्यांनी पाळी येते. पाळी म्हणजे बीजांड येऊन गेल्याची पोचपावती, आणि तीही उशिरा मिळणारी. बाळंतपणानंतरचं पहिलं बीजांड सुटलं आणि नेमकं तेव्हाच गर्भ राहिला, तर ती पावती येतच नाही. बाई समजते, अजून पाळी सुरू व्हायची आहे. मळमळायला लागलं तर जागरणावर किंवा पित्तावर ढकलते. दोन बाळंतपणांच्या मध्ये एकदाही पाळी न आलेल्या बायका असतात, त्या अशाच.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मोडीत काढू नका. पहिल्या 6 महिन्यांपुरतं ते बरोबरच होतं. फक्त त्याला अटी आहेत, आणि त्या घराघरांत सांगता सांगता गळून पडल्या. 1988 साली इटलीतल्या बेलाजिओ इथे तज्ज्ञांनी एकत्र बसून या अटी नीट मांडल्या. बाळ 6 महिन्यांच्या आतलं हवं, ते पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावर हवं, आणि पाळी आलेली नसावी. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असतील, तर दिवस न राहण्याची खात्री 98 टक्क्यांहून जास्त असते. ही आकडेवारी भक्कम आहे, गर्भनिरोधाची एक रीतसर पद्धत म्हणून ती मान्य झालेली आहे. तीनपैकी एक जरी अट मोडली, तरी मात्र भरवसा संपतो. तुमच्या दोन मोडल्या आहेत : बाळ 7 महिन्यांचं झालं आणि वरचं खाणं सुरू झालं. शिवाय दोन पाजण्यांमधलं अंतर दिवसा 4 तासांहून आणि रात्री 6 तासांहून जास्त नसावं असं सांगतात. तुमचं बाळ रात्री सलग 8 तास झोपतं. तुमच्या झोपेच्या दृष्टीने उत्तमच! पण आपल्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

पाळी रोखून धरतं ते नुसतं दूध नव्हे, बाळाचं चोखणं. बाळ ओढायला लागलं की स्तनाग्रातून मेंदूकडे संदेश जातो. तिथे दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वाढतं, आणि अंडाशयाला ठरावीक लयीत हुकूम देणाऱ्या संप्रेरकांची ती लयच मंदावते. हुकूम नाही, तर बीजांड पिकत नाही. परिणाम टिकायचा तर चोखणं वारंवार व्हावं लागतं, रात्रीसुद्धा, कारण प्रोलॅक्टिनची पातळी रात्रीच जास्त चढते. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा इथे 1980 च्या सुमारास संशोधकांनी पाजणाऱ्या आयांचा पाठपुरावा केला. ज्यांनी वरचं खाणं झपाट्याने वाढवलं आणि पाजण्याच्या वेळा एकदम कमी केल्या, त्यांची अंडाशयं लवकर कामाला लागली होती. ज्यांनी हे हळूहळू केलं, त्यांना उशीर लागला. आफ्रिकेतल्या कालाहारीच्या वाळवंटात राहणाऱ्या कुंग लोकांमध्ये पूर्वी बाळ दिवसभर आईला चिकटलेलं असायचं आणि तासातून अनेकदा, दोन-दोन मिनिटं का होईना, प्यायचं. त्यांच्यात दोन मुलांमध्ये आपोआप साडेतीन-चार वर्षांचं अंतर पडत असे. आपल्यापैकी कुणाला हे जमण्यातलं नाही, आणि जमवायचं कारणही नाही.

यातच जावेचं आणि मैत्रिणीचं उत्तर आलं. अंगावर न पाजणाऱ्या बाईला 6 ते 8 आठवड्यांत पाळी येणं अगदी नेहमीचं आहे, 3 महिनेही लागू शकतात. तिचं पहिलं बीजांड तर चौथ्या आठवड्यातही सुटू शकतं. म्हणूनच न पाजणाऱ्या बायकांना आम्ही 3 आठवडे झाले की काळजी घ्यायला सांगतो. तुमची मैत्रीण बहुधा रात्रीबेरात्री पाजत राहिली असणार. तिघींची शरीरं आपापल्या बाळाच्या वेळापत्रकाप्रमाणे वागताहेत, त्यात कुणी सरस नाही आणि कुणाचं बिघडलेलंही नाही. सिझर झालं की साधं बाळंतपण, त्यानेही पाळीच्या तारखेत फरक पडत नाही.

सव्वा महिन्याच्या त्या 3 दिवसांबद्दल. ती पाळी नव्हती, असंच मी धरेन. बाळंतपणानंतर गर्भाशयात वार जिथे चिकटलेली होती तिथली जखम भरत असते. त्यामुळे आधी लाल, मग तपकिरी-गुलाबी, मग पिवळट पांढरं असं 4 ते 6 आठवडे जात राहतं. ते एका सरळ रेषेत कमी होत नाही, जरा धावपळ झाली की मध्येच पुन्हा लाल दिसतं. पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीत पहिल्या 56 दिवसांत जे लाल जातं, ते पाळीत मोजायचं नाही, असा नियमच आहे. मात्र नुकतीच बाळंतीण झालेली कुणी हे वाचत असेल तर तिच्यासाठी : तासाला एक पॅड भिजून चिंब होत असेल आणि असं सलग 2 तास चाललं, मोठ्या गाठी पडत असतील, ताप असेल, घाण वास येत असेल किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ‘अजून ओली बाळंतीण आहे, होतंच असं’ म्हणून घरी बसू नका. वारेचा तुकडा आत राहिल्याने किंवा जंतुसंसर्गाने असा रक्तस्राव बाळंतपणानंतर 12 आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मग तुमची पाळी लांबली आहे का? टेस्ट निगेटिव्ह असेल तर नाही. अजून दिवसातून अनेकदा पाजताय, तेव्हा 7 महिने पाळी नसणं हे शरीर नीट काम करत असल्याचंच लक्षण आहे. वर्ष, दीड वर्षसुद्धा चालतं. रात्रीचं पाजणं सुटलंय, त्यामुळे तुमची पाळी येत्या काही आठवड्यांत आली तर मला नवल वाटणार नाही, पण तारीख कुणालाच सांगता येणार नाही. अंगावरचं पूर्ण सुटल्यावर 3 महिने उलटूनही पाळी नाही, तर तपासून घ्यायचं. काही बायकांनी मात्र इतकंही थांबू नये. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं आणि नंतर पान्हा फुटलाच नाही, अशी बाई (मेंदूच्या तळाशी असलेल्या, ही संप्रेरकं सोडणाऱ्या पियुषिका ग्रंथीला इजा झालेली असू शकते). बाळंतपणानंतर पिशवी साफ करावी लागली होती, अशी बाई. आणि जिला फार थकवा, केस झपाट्याने गळणं, छातीत धडधड किंवा उलट सतत थंडी वाजणं असं काही होतंय, ती. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात साधारण वीसेक बायकांत एखादीचं थायरॉइड बिनसतं, आणि ते ‘बाळामुळे दमणूक’ या नावाखाली सहज लपतं. रक्ताच्या एका तपासणीत कळणारी गोष्ट आहे.

त्या गोळ्या घेऊ नका. कसल्या आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. सहसा अशा गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध असतं. काही दिवस घेऊन बंद केलं की गर्भाशयाचं अस्तर सुटून रक्त जातं. त्याला पाळी म्हणता येत नाही, बीजांड त्याने सुटत नाही. बाळ जोवर हवं तसं पितंय तोवर तुमचं चक्र त्याने सुरू होणारही नाही. दिवस गेलेले असतील तर रक्त न जाण्याचा संभव जास्त, म्हणजे गोंधळ आणखी वाढला. पाळी नसण्याचा काही तोटा तुम्हाला होत नाहीये. बाळंतपणात गमावलेलं लोह भरून काढायला शरीराला या महिन्यांत निवांत वेळ मिळतोय, हा झालाच तर फायदा. आणि केवळ पाळी यावी म्हणून बाळाचं अंगावरचं तोडू तर मुळीच नका.

दूध आटत नाही. पाळी आली म्हणून दूध नासत नाही, बाळाला बाधतही नाही. कुणीही काहीही सांगितलं तरी पाजत राहायचं. एवढंच होतं की पाळीच्या आधीच्या आणि पहिल्या एक-दोन दिवसांत काही जणींना दूध थोडं कमी वाटतं, स्तनाग्रं हुळहुळी होतात, आणि बाळ चोखताना चुळबुळ करतं, मध्येच तोंड काढून बघतं. बीजांड सुटण्याच्या सुमारास दुधातलं मीठ किंचित वाढतं आणि गोडवा किंचित उतरतो, चोखंदळ बाळांना ते कळत असावं. जरा जास्त वेळा अंगाला लावा, तीन-चार दिवसांत गाडी रुळावर येते.

दुखण्याबद्दल मी वचन देणार नाही. वयात आल्यापासून दुखत असेल आणि तपासणीत दुसरं कारण सापडलेलं नसेल, तर बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं ते कमी होतं. एंडोमेट्रिओसिससारखं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) कारण असेल तर आजवर मिळाला तो विसावा होता, पाळीबरोबर दुखणंही परत येऊ शकतं. दुखलंच तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अंगावर पाजत असतानाही चालतं. पित्ताचा, दम्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन विचारूनच घ्या. सुरुवातीच्या काही पाळ्या वेड्यावाकड्या येतात, त्याची तयारी ठेवा. एक 24 दिवसांनी, पुढची 50 दिवसांनी. एखादी नुसती डाग लागून संपणारी, तर एखादी नेहमीपेक्षा जास्त जाणारी, बारक्या गाठी पडणारी. पाजणं चालू आहे तोवर हे असंच चालायचं. 7-8 दिवसांच्या वर लाल जात राहिलं, किंवा पॅड तासातासाला बदलावं लागलं, तर मात्र दाखवा आणि हिमोग्लोबिन करून घ्या. ते 12 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या लागतील.

सिझर झालेल्यांसाठी एक खास गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. पाळी संपली असं वाटल्यावरही पुढे चार-सहा दिवस तपकिरी डाग लागत राहणं. गर्भाशयावरच्या टाक्यांच्या जागी आतून छोटी खळगी राहिली, तर पाळीचं थोडं रक्त तिच्यात साठतं आणि सावकाश झिरपत राहतं. घाबरण्यासारखं नाही, पण दर महिन्याला होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. सोनोग्राफीत ती दिसते, आणि पुढच्या गरोदरपणाचा विचार करताना ती माहीत असलेली बरी.

आता गर्भनिरोधाबद्दल. बाळंतपणानंतरच्या 6 आठवड्यांच्या तपासणीत टाके बघतात, बाळाचं वजन विचारतात, आणि हा विषय दारातून बाहेर पडता पडता एका वाक्यात उरकतात. माझी आमच्या व्यवसायाबद्दल ही जुनी तक्रार आहे. एका बाळंतपणानंतर पुढच्या गरोदरपणासाठी निदान 24 महिने थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमचं तर सिझर आहे. अंतर फार कमी पडलं तर पुढच्या वेळी कळा देताना जुनी शिवण उसवण्याचा धोका वाढतो. म्हणून माझी एवढी घाई.

निरोध आजपासून वापरता येईल. दर वेळी वापरायचा, ‘आज चालेल’ असा दिवस तुमच्यासाठी सध्या नाही, कारण पाळीच नाही तर दिवस मोजणार कुठून? तांबी तुमच्यासाठी चांगली आहे. दूध, हार्मोन कशालाच धक्का लागत नाही. दिवस गेले नाहीत याची खात्री झाली की पाळीची वाट न बघताही बसवता येते. पाळीत थोडं जास्त जाऊ शकतं, दुखूही शकतं, आणि तुम्हाला आधीचा त्रास आहे, तेव्हा हे डॉक्टरांशी बोलून घ्या. दुखणं फार असेल तर तांबीसारखीच गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल जास्त सोयीची पडते, तिने पाळी कमी होते. नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या पाजणाऱ्या आईला चालतात, पण रोज ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. 3 महिन्यांचं इंजेक्शनही चालतं. या दोन्हींमुळे पाळी अनियमित होते किंवा थांबतेही. तेव्हा ‘पाळी अजून का नाही’ हा प्रश्न मग पुन्हा पत्रातून विचारू नका! इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या पाजणाऱ्या आईने पहिले 6 महिने टाळायच्या असतात. तुमचे ते उलटलेत, तरी दूध कमी होण्याची शक्यता असते म्हणून मी त्या यादीत शेवटी ठेवेन.

गेल्या 3 दिवसांत संबंध आला असेल, तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी पाजत असतानाही घेता येते, जितकी लवकर तितकी चांगली. 5 दिवसांच्या आत तांबी बसवली तर तीही तातडीचा उपाय म्हणून काम करते, गोळीपेक्षा जास्त खात्रीने.

आणि टेस्टमध्ये दोन रेघा आल्याच तर? आठवडाभर वाट बघत बसू नका, लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आधीचं सिझर असल्याने गर्भ नेमका कुठे रुजलाय, टाक्यांच्या जागी तर नाही ना, हे सुरुवातीच्या सोनोग्राफीत बघावं लागतं. तेवढ्यासाठी बाळाचं अंगावरचं घाईने तोडायचं कारण नाही. गरोदरपण ठेवायचं की नाही हे तुम्ही दोघांनी, आणि शेवटचा शब्द तुमचा, असं ठरवायचं आहे. पण त्या बोलण्यालाही लवकर कळलेलं असेल तरच वेळ मिळतो.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा सिझरचं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. एका कागदावर बाळंतपणाची तारीख, ते 3 दिवस, वरचं खाणं कधी सुरू केलं आणि बाळ रात्रभर कधीपासून झोपायला लागलं, एवढं लिहून ठेवा. तिथे गेल्यावर बाळ रडायला लागलं की यातलं काहीएक आठवत नाही.